चौकटीतली लाल फुली

धम्मानंद हरवला तो नागपूरला, दसऱ्याच्या गर्दीत. दीक्षाभूमीवर दरसाल लाखोंनी माणूस लोटतं. त्या साली, म्हणजे दोन हजार तीन साली, हिंगोलीच्या डेपोमागच्या वस्तीतली काही घरं एकाच एसटीनं गेली होती. जनकाबाईनं लेकाचं मनगट धरलेलं होतं. फाटकाशी मागून रेटा आला, पुढची एक म्हातारी पडली, तिला उठवायला म्हणून जनकाबाई वाकली आणि मनगट सुटलं. एवढंच घडलं. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर लाउडस्पीकरवर नाव पुकारलं असतं आणि तो मांडवापाशी येऊन उभा राहिला असता. पण धम्मानंदला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळं बोलणं आलं नाही, आणि शाळेनं बसवून घेतलं नाही म्हणून अक्षरही आलं नाही.

विशीतला उंचापुरा पोरगा. हिंगोलीत एका शिंप्याच्या दुकानात हाताची काजं करायचा. त्याची बोटं बारीक कामाला तयार होती, आणि बोलायलाही तीच होती. लहानपणी त्यानं आणि पल्लवीनं मिळून हातांची एक भाषा केली होती. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. जनकाबाईला त्यातलं भाकर-पाण्यापुरतं कळायचं, बापाला अर्धंमुर्धं, आणि पल्लवीला सगळं. ती त्याची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. दुकानात दिवसभरात काय झालं ते तो घरी येऊन तिला इतक्या वेगानं सांगायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा माशा हाकलून राहिला.

बाप नरसिंग एसटीत ड्रायव्हर. त्यानं रजा टाकली आणि नागपुरातले दवाखाने, ठाणी, स्टेशनं पालथी घातली. फोटोचे कागद छापून भिंतींना चिकटवले. पैसे संपत आले तसं मग झेरॉक्सच्या झेरॉक्स काढल्या, आणि प्रत्येक झेरॉक्सला पोराचं तोंड आणखी काळं होत गेलं. शेवटच्या कागदांवर तर नुसता काळा ठिपका आणि खाली 'हरवला आहे' एवढंच उरलं.

तो कागद हातात घेऊन पल्लवी बापाला म्हणाली, "अण्णा, हे बंद करा. मी त्याचं पान करते. इंटरनेटवर."

पल्लवीचं सांगायचं तर बी.कॉम. झाल्यावर ती विकास राठोडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकायला गेली आणि तिथंच शिकवायला राहिली. विकास तांड्यावरचा, औरंगाबादला कोर्स करून आलेला. त्याच्या क्लासमध्ये मशीनं बरीच होती, पण फोनची तार एकाच मशीनला जोडलेली. मॉडेम कर्कश ओरडून ओरडून लागायचा. त्या एका मशीनवर पल्लवी वेबसाइट करायला शिकली. कुणी शिकवलं नाही. मासिकाबरोबर मिळालेल्या सीड्या, इंग्रजीतले धडे फ्लॉपीवर उतरवून घेतलेले, आणि दुसऱ्यांच्या साइटींचा कोड उघडून त्यांनी हे कसं केलं असेल ते ताडायचं. नोटपॅडमध्ये टॅग लिहायचा, जपून ठेवायचा, ब्राउझरमध्ये उघडून बघायचा. आपण लिहिलं आणि ते पडद्यावर रंगीत होऊन आलं, या गोष्टीचं तिला वेडच लागलं. एका डाळमिलची साइट तिनं केली, एका कॉलेजची केली. गावात लोक तिला 'वेबसाइटवाली' म्हणू लागले. ते ऐकून तिला बरं वाटायचं.

धम्मानंदचं पान तिनं जीव ओतून केलं. त्याचा चांगला फोटो स्कॅन केला, मावसभावाच्या लग्नातला, पांढऱ्या शर्टातला. वर मोठ्या मराठी अक्षरांत 'माझा भाऊ हरवला आहे'. अक्षर साधं नको म्हणून विकासकडचा सगळ्यांत देखणा मराठी फॉन्ट निवडला. खाली त्याची उंची, अंगावरचे कपडे, हनुवटीवरचा व्रण, तो बोलत नाही, ऐकत नाही. फोन नंबर आणि ईमेलचा पत्ता नजरेतून सुटू नये म्हणून पिवळ्या पट्टीचं चित्र केलं, त्यात ते लाल रंगात लिहिले आणि पट्टीला लुकलुकायला लावलं. तळाशी किती लोकांनी पान बघितलं ते दाखवणारा काउंटर. फुकट जागा देणारी एक साइट होती, तिच्यावर पान चढवलं आणि नरसिंग-जनकाबाईला क्लासमध्ये बोलावून दाखवलं.

जनकाबाई पडद्याजवळ गेली आणि लेकाच्या गालावरून बोट फिरवलं. काचेवर चुरचुर वीज लागली तसा तिनं हात मागं घेतला. "आता ह्याला सगळीकडचे लोक बघतीन?" तिनं विचारलं.

"सगळीकडचे," पल्लवी म्हणाली. "दिल्लीतले, कलकत्त्यातले, अमेरिकेतले पण."

त्या दिवसापासून नरसिंगनं फोटोचे कागद सोडले. पल्लवीनंच सांगितलं की कागद पावसात जातो, पान जात नाही, तुमी फक्त पत्ता वाटा. मग हिंदीतल्या लहान लहान चिठ्ठ्या छापल्या. 'गूँगा-बहरा लड़का लापता, पूरी जानकारी और फोटो इस वेबसाइट पर', आणि खाली इंग्रजी अक्षरांत पत्ता. नरसिंगनं ड्यूटी मागून घेतली ती नागपूरची. तिथं स्टँडवर मध्य प्रदेशच्या, छत्तीसगडच्या गाड्या लागायच्या. त्यांच्या ड्रायव्हरांना तो चहा पाजायचा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात द्यायचा. ड्रायव्हर माणूस ड्रायव्हरला नाही म्हणत नाही. चिठ्ठ्या जबलपूरला गेल्या, रायपूरला गेल्या, स्टेशनांवर, धर्मशाळांत, ठाण्यांत चिकटल्या.

घरी फोन घेतला होता. तोही धम्मानंदसाठीच. जनकाबाई त्याच्याशेजारी सतरंजी टाकून बसायची, निवडण-टिपण तिथंच करायची, भाजीलाही बाहेर पडायची नाही. पल्लवी संध्याकाळी घरी आली की मायचा पहिला प्रश्न, आज किती झाले? म्हणजे काउंटर किती झाला. पल्लवी आकडा सांगायची. आकडा वाढतच होता. कधी थोडा, कधी एकदम जास्त. जनकाबाईला वाचता येत नव्हतं, पण त्या आकड्यावर ती जगत होती. इतकी माणसं बघून राहिलीत म्हणायची, एखाद्याला तर दिसंल.

फोन मात्र येत नव्हता.

दिवाळी गेली. थंडी आली, तुरी निघाल्या. बघणारे वाढत होते आणि बोलणारा एकही नव्हता, हे पल्लवीला आतून कुरतडू लागलं. आधी वाटलं, लोक निष्ठुर आहेत. मग वाटलं, तो कुठंच नसेल, म्हणूनच कुणी ओळखत नाही. हा विचार आला की ती क्लासमधून उठून मागच्या बोळात जाऊन उभी राहायची. पानात ती रोज काहीतरी सुधारायची. रंग बदलायची, पट्टी मोठी करायची, ओळी हलवायची. दुसरं तिच्या हातात काही नव्हतंच. त्या मशीनपुढं बसून ती भावाच्या फोटोकडं बघायची आणि फोटो स्वच्छ, हसरा, तिच्याकडं बघायचा.

आंबेडकर जयंतीच्या आधी नरसिंगनं तिला आपल्या गाडीतून नागपूरला नेलं. एका संस्थेत हरवलेल्या माणसांची चौकशी होते असं कुणीतरी सांगितलं होतं. तिथं काही निष्पन्न झालं नाही. गाडी सुटायला वेळ होता. स्टँडसमोर एक सायबर कॅफे होतं. नरसिंगच म्हणाला, चल, इथून धम्माचं पान कसं दिसतं ते बघू. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. मुलीनं केलेली वस्तू परगावात उघडते, ही त्याला अजूनही नवलाची गोष्ट होती.

पल्लवीनं पत्ता टाकला. तो तिच्या बोटांना पाठ होता. निळी पार्श्वभूमी आली. काउंटर आला, एकानं वाढलेला.

आणि बाकी काहीच आलं नाही. म्हणजे आलं, पण जे आलं ते कुणी वाचू शकलं नसतं. 'माझा भाऊ हरवला आहे' जिथं हवं होतं तिथं इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, उलट्या-सुलट्या चिन्हांचा चुराडा पडला होता. मोठ्या अक्षरांत आणि ठळक. त्याखाली तसाच आणखी चुराडा, ओळीच्या ओळी. आणि फोटोच्या जागी एक रिकामी चौकट. चौकटीच्या कोपऱ्यात लहानशी लाल फुली. पट्टीच्या जागीही तेच, चौकट आणि फुली.

नरसिंग तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, "ह्यात बिघाड असंल. दुसऱ्या मशीनवर बघ."

ती दुसऱ्या मशीनवर बसली. मग दोघं रस्ता ओलांडून दुसऱ्या कॅफेत गेले. सगळीकडं तोच चुराडा आणि तीच फुली. तिसऱ्या वेळी पल्लवीनं पानाचा कोड उघडला. स्वतः लिहिलेलाच, शेकडो वेळा बघितलेला. आणि तिला ते दिसलं. फोटोचा पत्ता तिनं दिला होता तो क्लासच्या मशीनमधल्या फोल्डरचा. फोटो चढवायचाच राहिला होता. त्या एका मशीनवर तो दिसायचा कारण तो तिथंच होता, त्याच्या पोटात. पट्टीचंही तेच. आणि तो देखणा फॉन्ट विकासनं विकत आणून त्या मशीनमध्ये टाकला होता. जगातल्या दुसऱ्या मशीनींना तो ठाऊकच नव्हता. त्यांनी तिची मराठी अक्षरं आपल्याला समजतील तशी इंग्रजीत मांडली होती. पान सगळ्यांना उघडत होतं. धम्मानंद मात्र जगात फक्त एकाच पडद्यावर दिसत होता, आणि तो पडदा तिच्यापुढं होता.

कॅफेवाल्यानं वेळ संपल्याचं सांगितलं. पल्लवी उठली नाही. नरसिंगनं तिला खांद्याला धरून उठवलं.

"म्हंजे कुणालाच दिसला न्हाई?" त्यानं रस्त्यावर आल्यावर विचारलं.

"न्हाई."

"पहिल्यापासून?"

तिनं मान हलवली तीही नीट हलली नाही.

परतीच्या गाडीत ती त्याच्या पाठीमागच्या बाकड्यावर बसली होती. बाप गिअर टाकत होता, हॉर्न देत होता, गाडी नेहमीसारखी चालवत होता, आणि तिला फक्त त्याची मान दिसत होती. तिला वाटत होतं, त्यानं थांबवावी गाडी, उतरवून द्यावं मला, माळावर कुठंतरी. त्यानं ज्या ज्या ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी ठेवली असेल ते सगळे तिच्या डोळ्यांपुढं येत होते. कुणीतरी कुठंतरी चिठ्ठी वाचून मशीन उघडलं असेल, चुराडा बघितला असेल, आणि कुणाचा तरी पोरखेळ आहे म्हणून बंद केलं असेल. काउंटर तेवढा वाढला असेल. आणि संध्याकाळी तिनं तो आकडा मायला सांगितला असेल.

पुसदच्या स्टँडवर गाडी थांबली. नरसिंगनं चहा आणला, एक कप तिला दिला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज चढला नव्हता.

"तुझ्या मायला सांगू नको," तो म्हणाला. "ती त्या आकड्यावर बसून आहे. ते काढून घेतलं तर ती मरून जाईन."

झालं. त्यानं पल्लवीला झापलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. हे ओझं वेगळंच होतं. दुसऱ्या दिवसापासून माय विचारायची, आज किती झाले, आणि तिला आकडा सांगावा लागायचा. खरा आकडा. आता तो ती चपला काढता काढता, मायकडं न बघता सांगायची.

पान तिनं नव्यानं केलं, आणि या खेपेला नटवायचं काही सुचलंच नाही. वेबसाइट करायला शिकवणाऱ्या इंग्रजी साइटींवर जाऊन वाचलं, एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलनं चालणाऱ्या गटात, प्रश्न विचारला. तिथं बंगलोरच्या कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं की कुठल्याही मशीनवर मराठी दिसावी म्हणून युनिकोड नावाची नवी सोय आली आहे, पण जुन्या मशीनींवर तीही धड दिसणार नाही, भरवसा ठेवू नका. मग तिनं ठरवलं, कशाचाच भरवसा ठेवायचा नाही. मजकूर साध्या इंग्रजीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या हिंदीत, जो कुठल्याही मशीनवर उघडेल. मराठी आणि देवनागरी हिंदी चित्र म्हणून, शेजारी. फोन नंबर साधा, टाइप केलेला, लुकलुक नाही, रंग नाही. फोटो कापून इतका हलका केला की गावठी फोनलाइनवरही चहाचा घोट घेईपर्यंत उतरावा. आणि प्रत्येक चित्र चढवून झाल्यावर क्लासचं मशीन बंद करून बाहेर पडायची. औषधाच्या दुकानात एक कॉम्प्युटर होता, तिथं बघायची. वसमतला मैत्रिणीच्या भावाकडं जाऊन बघितलं. नांदेडला जाऊन निरनिराळ्या कॅफेंत बघितलं, जुन्या ब्राउझरमध्ये, नव्या ब्राउझरमध्ये, चित्रं बंद करून, अक्षरं मोठी करून. विकास म्हणाला, आता दिसून राहिलं की, आता तर बस कर. ती म्हणाली, "सर, माझ्या डोळ्यावर माझा इश्वास न्हाई राहिला."

नरसिंगनं पुन्हा चिठ्ठ्या छापल्या, पुन्हा त्याच ड्रायव्हरांना चहा पाजला. पत्ता तोच होता. कुणी विचारलं, पहिलेही दिली होती ना, तर म्हणायचा, व्हय, पुन्हा एकडाव लावा.

मे महिन्यात ईमेल आला. शिला नावाच्या बाईंचा, मध्य प्रदेशातल्या एका मोठ्या शहरातून. तिथल्या मनोरुग्णालयात त्या समाजसेविका होत्या. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिली होती. आमच्याकडं एक मुलगा आहे, बोलत नाही, हनुवटीवर व्रण आहे, फोटोतल्यापेक्षा खूप वाळलेला आहे पण तोच असावा असं वाटतं. रेल्वे पोलिसांना गाडीत सापडला, हातवारे करायचा, धरायला गेलं की झटापट करायचा, म्हणून वेडा समजून कोर्टामार्फत इकडं पाठवला. आणि शेवटी एक ओळ होती. 'यह पेज मैंने जनवरी में भी खोला था, चिट्ठी देखकर। तब न कुछ पढ़ा गया, न फोटो थी।'

पल्लवीनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. जानेवारी. जानेवारीत तिनं पट्टी मोठी केली होती.

नरसिंग आणि ती त्याच दिवशी निघाले. जनकाबाईला यायचं होतं, पण फोन सोडून जायला ती तयार होईना. तोच नसला तर, म्हणाली, आणि दुसरीकडून फोन आला तर.

रुग्णालय मोठं होतं, झाडं होती, भिंती उंच. शिलाताई चांगल्या बाई होत्या. त्यांनी आधीच सांगितलं की घाबरू नका, औषधांमुळं तो जरा सुस्त असेल. पल्लवीनं औषधं कसली ते विचारलं. त्या म्हणाल्या, फार अंगावर यायचा, म्हणून शांत ठेवण्याची. डॉक्टरांनाही कळेना काय करावं. कुणाला काही सांगायला जायचा आणि हात इतके जोरात हलवायचा की बाकीचे रुग्ण घाबरायचे.

त्याला आणलं. डोक्याचे केस काढलेले, अंगात दवाखान्याचा सदरा. तो भिंतीशी उभा राहिला आणि खाली बघत राहिला. नरसिंग पुढं झाला, त्यानं त्याला मिठीत घेतलं, तर पोरगा लाकडासारखा ताठ झाला आणि हात तोंडावर आडवा धरला. मारतील म्हणून.

पल्लवी जिथं होती तिथंच खाली बसली, त्याच्या खाली वळलेल्या नजरेत यावी म्हणून. आणि हातांनी बोलली. मी आले. अण्णा आले. घरी चल.

तो बघत होता. बराच वेळ नुसता तिच्या हातांकडं बघत होता, जणू ते कुठंतरी पूर्वी बघितले होते. मग त्याचे हात वर आले. ते थरथरत होते. औषधांनी बोटं आखडली होती, एकेक खूण सुरू व्हायची आणि मधेच मोडायची, पुन्हा सुरू व्हायची. पूर्वी माशा हाकलल्यासारखा बोलणारा पोरगा, आता लहान लेकरानं पहिलं अक्षर काढावं तसा हवेत चाचपडत होता. तिला कळायला वेळ लागला. त्यानं विचारलं होतं, माय?

पुढच्या तुटक खुणांतून तिला उमगलं, मायला त्या गर्दीत काही झालं असंच तो इतके महिने समजत होता. तेच सांगायला तो माणसांच्या अंगावर जात होता. माय पडली, माय तुडवली गेली, कुणीतरी चला. आणि त्याला सुई टोचून निजवत होते.

पल्लवी त्याला सांगत राहिली, माय बरी आहे, माय घरी आहे, वाट बघून राहिली. सांगता सांगता तिचे हात त्याच्या हातांत अडकू लागले, आणि त्या दोघांच्या हातांत कोण काय बोलतंय ते नरसिंगला शेवटपर्यंत कळलं नाही. तो कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता.

कागदपत्रं होऊन घरी यायला वेळ लागला. वस्तीत लोक जमले. जनकाबाईनं त्याला उंबऱ्यातच धरून ठेवलं आणि ती जे रडली ते शेजारच्या बाया अजून सांगतात. पहिले काही दिवस आनंदाचेच होते. मग हळूहळू घराला दिसू लागलं की आलेला धम्मानंद अर्धाच आलाय. दार लावलं की तो कोपऱ्यात जाऊन बसायचा. शिंप्यानं मोठ्या मनानं दुकानात बोलावलं, सुई दिली. त्याच्यानं दोरा ओवला जाईना. दुपारभर प्रयत्न करून त्यानं सुई परत दिली आणि घरी आला, तो पुन्हा गेला नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या. म्हणाले, कंप कमी होईल, पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. इतके महिने नको ती औषधं पोटात गेलीत. थोडं लवकर आणला असता तर गोष्ट वेगळी होती.

ते वाक्य जनकाबाईनंही ऐकलं होतं. पुढं एकदा दुपारी ती आणि पल्लवी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. जनकाबाई शेंगांकडं बघतच म्हणाली, "एक इचारू का? माणसं तर पहिल्यापासून बघून राहिली होती. रोज आकडा वाढून राहिला होता. मग इतका उशीर काहून झाला?"

पल्लवीनं बापाकडं बघितलं. नरसिंग ओट्यावर दाढी करत होता. त्याचा वस्तरा थांबला. तेव्हा तिनं सांगितलं. फॉन्टचं, फोटोचं, फुलीचं, सगळं. मायला समजेल अशा शब्दांत सांगताना ते आणखीच साधं आणि आणखीच भयंकर झालं. "पान होतं, माय, पण त्यावर धम्मा नव्हता. फकस्त माझ्या मशीनवर होता. लोक येत होते आन् रिकामी चौकट बघून जात होते."

"आन् तुला ठावं कधी झालं?"

"जयंतीच्या आधी. नागपूरला."

"त्याच्यामागून बी तू मला आकडा सांगत होतीस."

"व्हय."

जनकाबाईनं पुढ्यातल्या शेंगा सुपात ओढल्या. एकेक फोडून दाणे वेगळे करू लागली. पल्लवीला वाटलं, आता उठेल, शिव्या देईल, निदान रडेल.

"एकडाव माझ्या हातून सुटला," ती शेवटी म्हणाली, "एकडाव तुझ्या."

तिनं पल्लवीला माफ केलं की नाही, हे पल्लवीला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही तिनं कधी विचारलं नाही. एवढं मात्र झालं की फोनजवळची सतरंजी जनकाबाईनं त्या संध्याकाळी उचलून झटकली आणि बाहेर अंगणात टाकली, धम्मानंदला बसायला. घरात कोंडल्यासारखं वाटायचं त्याला.

पावसाळ्यानंतर नरसिंगनं त्याला डेपोत न्यायला सुरुवात केली. तिथं गाड्या धुवायचं काम होतं. त्या कामाला बारीक बोटं लागत नव्हती. पाइप धरला की हाताचा कंप पाण्यात दिसायचा नाही. बाकीचे गाड्या धुणारे त्याला हाताच्या दोन-चार खुणा शिकून बोलावू लागले. कुणी त्याला हातांनी लांबलचक काही सांगितलं की तो अर्ध्यातच मान वळवायचा. पूर्वीचा वेग त्याच्या हातांत परत आला नाही. पल्लवीनंच आपला वेग कमी केला. आता ती त्याच्याशी बोलताना एकेक खूण सावकाश करते, आणि त्याची खूण पुरी होईपर्यंत थांबते.

धम्मानंद घरी आला तेव्हापासून क्लास तिनं सोडला होता, मशीनला हात लावला नव्हता. दिवाळीच्या सुमारास विकास घरी आला, जवळा बाजार गावच्या एका व्यापाऱ्याला साइट हवी म्हणाला, हळदीची, मराठीत. ती नाही म्हणाली. तो गेला नाही. चहा पीत बसला, इकडचं तिकडचं बोलला. अंगणात धम्मानंद बसला होता. तो उठून आत आला, विकासच्या शर्टाच्या खिशाकडं बोट दाखवून हसला. बटण लोंबत होतं. विकासनं ते तोडून त्याच्या हातात दिलं. धम्मानंद ते बोटांत धरून बघत राहिला. मग त्यानं ते पल्लवीच्या तळहातावर ठेवलं आणि सावकाश, मोडत मोडत खूण केली. तू लाव.

पल्लवीनं सुईदोरा काढला.